यंत्राचा कौल

घोडबंदर रस्त्यालगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकून चेणे हे गाव आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका सहलीच्या ठिकाणी आम्ही पावसात अडकून पडलो आणि भिंतीवरचा इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्ड मुलांच्या हाती लागला. त्याचा सोळाचा खण मुका होता. डार्ट तिथे नीट रुतून बसे, पण पडद्यावर आकडा उमटत नसे. "लागला ना, दिसतोय की!" असे एक म्हणे, "मशीनने कुठे दिला?" असे दुसरा. ते भांडण ऐकताना गंमत वाटली, कारण हे यंत्र मुळात असली भांडणे मिटवण्यासाठीच जन्माला आले.

जुन्या डार्टबोर्डवर हिशेब माणसांचा असे. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये घायपाताच्या धाग्यांचा फळा रूढ झाला. (आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात त्याच घायपाताचा हा भाईबंद.) त्यात पोलादी टोकाचे डार्ट रुतत आणि कोणीतरी शेजारी खडू घेऊन ५०१ मधून वजाबाकी करीत उभा असे. वीसच्या दोन्ही बाजूंना एक आणि पाच ठेवलेले असल्यामुळे नेम केसभर चुकला तरी शिक्षा जबर. अर्थात वादही तिथेच, तारेच्या काठावर.

इलेक्ट्रॉनिक फळ्याने हा वाद काठावरून उचलून फळ्याच्या पोटात नेला. वीस विभाग, प्रत्येकाचे चार खण आणि मधले दोन मिळून ८२ सुटे प्लास्टिकचे खण. प्रत्येकाला बारीक भोके, आणि त्यांत शिरणारे डार्टचे टोकही प्लास्टिकचेच. मागे दोन पातळ पापुद्रे, ज्यांवर विद्युत्वाहक रेघा छापलेल्या असतात. डार्टच्या धक्क्याने खण किंचित मागे सरकतो, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि क्षणभर मंडल पूर्ण होते. ८२ खणांना ८२ स्वतंत्र तारा लागत नाहीत, हे यातले खरे चातुर्य. दहा आडव्या आणि नऊ उभ्या रेघा घेतल्या तर १९ तारांत ९० छेदनबिंदू मिळतात. प्रोसेसर एकेका रेघेवर संकेत सोडून तो कुठून परत येतो हे सतत तपासत राहतो. म्हणजे यंत्र डार्ट पाहत नाही. त्याला फक्त धक्का कळतो. तुटलेले टोक भोकात अडकले की खण आंधळा होतो, नाहीतर कायमचा दाबलेला राहतो. चेण्याच्या सोळाचे बहुधा असेच काही झाले असावे.

या कल्पनेला व्यापारी रूप देणाऱ्यांत अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील रॉकफर्डची अॅरॅक्निड ही कंपनी अग्रभागी होती. तिच्या नावावर १९७७चे पेटंट आहे. अॅरॅक्निड म्हणजे कोळ्याच्या वर्गातला प्राणी, आणि डार्टबोर्डवरच्या जाळीलाही इंग्रजीत कोळीच म्हणतात. हे नाव काही उगाच सुचलेले नसावे. या कंपनीचा पुढचा एक खटला मात्र साहित्याच्या वाचकाने मुद्दाम वाचावा असा आहे. यंत्राच्या विकासाचे काम तिने आयडिया नावाच्या सल्लागार संस्थेला दिले. त्यातून निघणारे शोध अॅरॅक्निडच्या मालकीचे असतील आणि त्यांचे हक्क तिला 'सोपवले जातील', असा करार झाला. प्रत्यक्षात आयडियाने पेटंट स्वतःच्या नावावर घेतले आणि मेरिट इंडस्ट्रीज या प्रतिस्पर्ध्याला परवाना दिला. १९९१ साली फेडरल सर्किट अपील न्यायालयाने सांगितले की 'सोपवले जातील' हे भविष्यकाळी वचन आहे, प्रत्यक्ष सोपवणे नव्हे; सबब पेटंटचे कायदेशीर स्वामित्व अॅरॅक्निडकडे आलेलेच नाही. अचूक मोजणाऱ्या यंत्राचे भवितव्य एका क्रियापदाच्या काळावर अडले. पेटंट-कायद्यात हा निकाल आजही उद्धृत होतो.

या खेळाच्या अमेरिकी नियमांतही अशीच एक फट आहे. तिथे सर्वसाधारण दंडक असा की यंत्राने दिले तेच गुण खरे. डार्ट खाली पडला तरी यंत्राने नोंदला असेल तर तो धरायचा. अपवाद एकच. डाव जिंकून देणारा शेवटचा डार्ट योग्य खणात रुतलेला डोळ्यांना दिसत असेल आणि यंत्र गप्प बसले असेल, तर विजय मान्य करायचा. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा कौल देवाचा असला तरी तो वाचायला गुरव लागतोच. नियम करणाऱ्यांनी शेवटच्या डार्टपुरता हा गुरव राखून ठेवला.

महाराष्ट्राला या तंत्राचा जवळचा नातलग ठाऊक आहे तो नेमबाजीतून. तिथले इलेक्ट्रॉनिक लक्ष्य धक्क्यावर चालत नाही. त्याच्या प्रचलित प्रकारात गोळी लक्ष्यातून पार होताना उठणारा ध्वनी वेगवेगळ्या जागी बसवलेले मायक्रोफोन टिपतात आणि तो कुठे आधी, कुठे नंतर पोचला या सूक्ष्म फरकावरून जागा काढली जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकावले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळाले ते ४५१.४ गुणांवर. या अंतरावर रायफलच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि अंतिम फेरीत त्याच्याही आत दशांश मोजले जातात. पन्नास मीटरवरून ते भोक कोणाला दिसणार! नेमबाज शेजारच्या पडद्यावरचा ठिपका पाहतो आणि त्यावर विश्वास ठेवतो.

तरीही लक्ष्यामागे कागद लावलेला असतो. गुणांबद्दल तक्रार झाली की पंच तो काढून आणतात आणि गोळीचे भोक प्रत्यक्ष तपासतात.