जाळीचं कपाट आणि भुशाची फळी

जुन्या मराठी स्वयंपाकघरात काही वाया जात नसे, याचं श्रेय आपण घरातल्या बायकांच्या काटकसरीला देतो. ते खरंच आहे, पण निम्मं श्रेय सुताराच्या जोडाचं आहे. वाड्याच्या जाड भिंतीतच फडताळ असे, त्यामुळे लाकूड लागे ते चौकट, फळ्या आणि झडपांपुरतं. दुभत्याचं कपाट तेवढं स्वतंत्र उभं असे. त्याच्या दारांना बारीक जाळी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. चौकटीचं कुसू खाचेत बसवून वर खुंटी ठोकलेली. जाळी गंजली की पट्टी उचकटून नवी ताणायची. पाय कुजला तर तेवढाच कापून नवा सांधायचा. लाकूड, लोखंड, जाळी शेवटपर्यंत वेगवेगळी राहत, म्हणून कपाट मोडलं तरी प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक मिळे.

यावर कुणी म्हणेल, असं सागवानी कपाट होतं किती जणांकडे? आक्षेप रास्त आहे. बहुतेक घरांचा संसार उतरंडीत आणि शिंक्यावरच मावत असे. शिवाय सागाची भूक जंगलांना महाग पडली. मुंबईच्या गोदीत एकेकाळी बांधलेली जहाजंसुद्धा याच लाकडाची. उलट आजच्या मॉड्युलर किचनमधली भुशाची फळी, म्हणजे पार्टिकल बोर्ड, तर टंचाईतूनच जन्मली. युद्धकाळात, 1941 साली, जर्मनीत ब्रेमेनला तिचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं, तेव्हा गिरणीतला टाकाऊ भुसा कामी आला. ही बचत मला नाकारता येत नाही. पण युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या राळेनं जखडलेला भुसा पुन्हा सहजी सुटा होत नाही. सिंकखाली पाणी झिरपलं की फळी फुगते, बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात धरत नाही, आणि एका कोपऱ्यापायी अख्खा खण टाकावा लागतो. वरचा लॅमिनेटही तिच्यासकट जातो.

म्हणून मागणी सागाची नको, सुटणाऱ्या जोडाची हवी. फळी भुशाची असली तरी चालेल, पण ती स्टीलच्या सांगाड्यात स्क्रूनं बसवलेली असावी आणि सिंकखाली तर नसावीच. याचा नमुना आपल्याकडे कधीचा आहे: चाळीतल्या खोल्यांत भिंतीला टांगलेली स्टीलची मांडणी. ताटं उभी, वाट्या ओळीनं, कपांना आकडे, आणि धुतल्या भांड्यांचं पाणी गळून जायला जागा. घर बदलताना ती खिळ्यावरून काढून नेतात. वाकली, तुटली, तरी भंगारवाला तिला तराजूत घालून पैसे मोजतो. मॉड्युलर किचनची फुगलेली फळी मात्र तो तिथेच सोडून जातो.