नदीच्या पाण्यासाठी दोन सह्या

गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर एकीची सही चालत नाही, दोघींची लागते. आज अशाच दोन सह्यांची गोष्ट सांगते. ती आहे लांबची, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या ट्रिनिटी नदीची.

या नदीकाठी हूपा आदिवासी पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांचं जेवणखाण, सणवार सॅल्मन माशावर. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ना, तसाच हा मासा समुद्रातून नदीत चढतो आणि गोट्यांमध्ये अंडी घालतो.

१९५५ साली इथे धरणाचा कायदा झाला. पुढे धरणं उभी राहिली, डोंगरातून बोगदे काढले आणि पाणी दुसऱ्या खोऱ्यात शेतीला, विजेला नेलं. सुरुवातीला धरणापाशी येणारं जवळजवळ ९० टक्के पाणी तिकडे जाई. नदीचे पूर थांबले. गोट्यांत वाळू बसली, काठावर झाडी माजली, मासा घटला.

१९८१ साली सरकारने १२ वर्षांच्या अभ्यासाचा आदेश काढला. मग १९९२ च्या कायद्याने ठरवलं, की या अभ्यासावरून नदीत किती पाणी सोडायचं याला हूपा जमातीची संमती हवी. नुसतं विचारून घेणं नाही, संमती!

अभ्यासही दोघांनी मिळून केला. जमातीच्या मत्स्य विभागाची माणसं सरकारी शास्त्रज्ञांबरोबर कामाला होती. पाण्याचा वेग, गारवा, तळाचे गोटे, माशांची पिल्लं, सगळं मोजलं. मसुदा बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतला. आपल्या हिशोबाचं ऑडिट असतं, तसंच हे.

१९९९ साली अहवाल आला, दोघांच्या नावाने. त्यात पावसाप्रमाणे पाच तऱ्हेची वर्षं धरली होती. अगदी कोरड्या वर्षी नदीला ३ लाख ६९ हजार एकर-फूट पाणी, खूप ओल्या वर्षी ८ लाख १५ हजार. एक एकर रानात फूटभर पाणी उभं केलं, की ते एक एकर-फूट. १९ डिसेंबर २००० रोजी मंत्री ब्रूस बॅबिट यांनी हूपा खोऱ्यात येऊन सही केली. दुसरी सही जमातीच्या अध्यक्षांची.

भांडण मात्र लगेच मिटलं नाही. पाणी आणि वीज घेणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. त्यांच्यामागेही शेतकरीच होते, त्यांचंही पोट पाण्यावर. खटला चालू असतानाच, २००२ साली, ट्रिनिटी जिला मिळते त्या क्लॅमथ नदीत कमी, कोमट पाण्यात रोग पसरून ३० हजारांहून जास्त मासे मेले. शेवटी २००४ साली अपील कोर्टाने नदीचं पाणी सोडायला मोकळीक दिली.

मैत्रिणींनो, तक्रार हूपांकडे आधीपासून होतीच. तिच्या जोडीला मापं आली, तपासणी आली आणि सहीचा हक्क आला, तेव्हा पाणी आलं. उद्या आपल्या ओढ्याचं, विहिरीचं पाणी मोजायला कोणी आलं, तर नुसता चहा देऊन पाठवू नका. वही घेऊन बरोबर चला. आकडे आपल्याही वहीत उतरवा.