कोंबड्यांत मर आली? आधी शीट बघा, मान बघा, मगच औषधाचं बघा

कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) : उन्हाळा लागला की गावोगाव एकच बोलणं कानावर येतं, "आमच्या कोंबड्यांत मर आली." सकाळी खुराडं उघडलं तर दोन मेलेल्या, संध्याकाळी आणखी तीन, आणि आठ दिवसांत डालगं रिकामं. पण 'मर' हे एका रोगाचं नाव नाही. मानमोडी, देवी, रक्ती हगवण, सर्दी, उन्हाचा झटका, फवारलेलं धान्य खाणं, या सगळ्याला आपण मरच म्हणतो. यातल्या काहींवर औषध आहे, काहींवर अजिबात नाही. त्यामुळे पहिली कोंबडी मेली की ती उकिरड्यावर फेकण्याआधी पाच मिनिटं थांबून नीट बघायला हवं. पुढच्या कोंबड्या वाचणार की नाही, ते बहुतेक वेळा इथंच ठरतं.

बघायचं काय? मेलेलीपेक्षा आजारी कोंबडी जास्त सांगते. शीट कोणत्या रंगाची आहे, तुरा लाल आहे की काळा-निळा पडलाय, मान सरळ आहे का, श्वास तोंड उघडून घेते का. वय किती आणि मर कोणत्या वेळी होते, हेही लक्षात ठेवा. डॉक्टरांना फोन केला की पहिल्यांदा हेच विचारतात. मोबाईलवर शीटेचा आणि तुऱ्याचा फोटो काढून ठेवा.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत

गावठी कोंबड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. उत्तराखंडातल्या राणीखेत गावाजवळ १९२०च्या दशकात हा रोग आढळला, म्हणून आपल्या देशात त्याला ते नाव पडलं. कोंबडी पेंगते, पंख पाडून बसते, खाणं सोडते. शीट हिरवट आणि पातळ होते. घशातून खरखर आवाज येतो. काही दिवसांनी मान मुरगळते, काही कोंबड्या गोल फिरतात, पाय-पंख लुळे पडतात. अंडी देणाऱ्या कोंबड्या मऊ कवचाची अंडी देतात किंवा अंडी बंदच करतात. लस नसलेल्या कळपात १० पैकी ८-९ कोंबड्या जाऊ शकतात, कधी सगळ्याच.

हा विषाणूचा रोग आहे, त्यामुळे एकदा लागला की त्यावर औषध नाही. मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून पाण्यात फोडल्या, कांदा-लसूण भरवला, दारू पाजली, तरी विषाणू मरत नाही. कांदा-लसणानं नुकसान होत नाही एवढंच. पण कॅप्सूलचे पैसे जातात, आणि वाचलेल्या कोंबडीच्या अंड्यातून ते औषध आपल्याच पोटात येतं.

उपाय एकच, रोग येण्याआधी लस. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. महिन्याचं झालं की पुन्हा एकदा. ८ आठवड्यांनी आर-टू-बी लसीचं इंजेक्शन कातडीखाली. ही दुसरी लस कडक असते. लहान पिल्लांना दिली तर तीच अंगावर येते, त्यामुळे घाई करायची नाही. पुढचे डोस कधी, ते दवाखान्यात विचारून घ्या.

आता खरी अडचण. लसीच्या एका कुपीत १०० किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे डोस असतात, आणि आपल्याकडे कोंबड्या असतात १०-१२. कुपी फोडली की लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी पाण्यासारखी. म्हणून कुणी आणतच नाही. याला तोड म्हणजे गल्लीनं किंवा वस्तीनं मिळून एक दिवस ठरवणं. दहा घरच्या कोंबड्या मिळून शंभर होतात, आणि एका घराचा खर्च चहाच्या पैशात येतो. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला तर सोपं जातं. कुंभारीत घरकुलांच्या मोठ्या वसाहती आहेत. दाराला दार लागून घरं असली की एका घरच्या कोंबड्या चार घरी फिरतात. तिथं एकट्यानं लस देऊन अर्धंच काम होतं.

लस बर्फाच्या डब्यातूनच आणायची. दुकानापासून घरापर्यंत शर्टाच्या खिशात आणलेली लस सोलापूरच्या उन्हात वाटेतच मरते, आणि मग "लस देऊनही मर आली" अशी बोंब होते. थेंब द्यायचा तो सकाळी लवकर किंवा रात्री कोंबड्या खुराड्यात बसल्यावर, आणि फक्त धडधाकट कोंबडीला. नळाच्या, औषध टाकलेल्या पाण्याशी लसीचा संबंध येऊ द्यायचा नाही.

देवी

तुरा, गलोल, डोळ्यांभोवती मसुराएवढे फोड, नंतर काळ्या खपल्या. हा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. हाही विषाणूचाच, पण मानमोडीएवढा घातक नाही. कोंबडी मरते ती बऱ्याचदा रोगानं नाही, उपाशी राहून. डोळे चिकटतात, दाणा दिसत नाही. त्यामुळे अशी कोंबडी वेगळी ठेवून हातानं मऊ भरडा भरवा. खपल्या ओढून काढू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं पुसून हळद-तेल लावलं तरी चालतं. तोंडाच्या आत पिवळे थर दिसले तर मात्र प्रकरण गंभीर असतं. देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचून देतात, साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात.

रक्ती हगवण

३ ते ६ आठवड्यांची पिल्लं एकत्र गठ्ठा करून बसली, पंख विस्कटले आणि शीटेत रक्त दिसलं, की ही कॉक्सिडिओसिस समजा. यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. अँप्रोलियम हे त्यातलं नेहमीचं औषध. प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या, कारण पुडीनुसार ते बदलतं. रोगाचं मूळ असतं ओल्या तुसात. पाण्याचं भांडं कलंडून भुसा भिजतो, त्यात जंतू वाढतात, पिल्लं तेच टिपतात. ओला भुसा काढून टाका, खाली चुना मारा, भांडं पिल्लाच्या पाठीएवढ्या उंचीवर ठेवा.

याच वयात शीट पांढरी, पाण्यासारखी झाली, पिल्लं स्वतःच्याच मागच्या बाजूला टोचू लागली आणि दोन-तीन दिवस मर वाढून मग आपोआप कमी झाली, तर गंबोरो असू शकतो. तो विषाणूचा. त्याची लस साधारण दुसऱ्या आठवड्यात असते. आणि अंड्यातून निघाल्यावर पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच पिल्लांच्या मागे पांढरी शीट चिकटून ती मरत असतील, तर रोग बहुतेक आईकडून अंड्यातूनच आलेला असतो. अशा ठिकाणाहून पुन्हा पिल्लं घेऊ नका.

सर्दी-घरघर

थंडीत रात्री खुराड्याजवळ उभं राहिलं की घरघर ऐकू येते. नाकातून पाणी, डोळ्यात फेस. मर कमी, पण अंडी घटतात आणि वजन वाढत नाही. खुराडं उघडल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबत असेल, तर कोंबड्यांचं काय होत असेल बघा. वारा खेळता ठेवा, रात्री थेट झोत तेवढा अडवा. यावर औषध चालतं, पण मानमोडीची सुरुवातही अशीच दिसते. हिरवी शीट सोबत आहे का, ते आधी बघून घ्या.

रोग नसलेली मर

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. मर फक्त दुपारी १२ ते ४ मध्ये होत असेल, जाड कोंबड्या आधी जात असतील, चोच उघडून धापा टाकत असतील आणि शीटेत काही वेगळं नसेल, तर तो उन्हाचा झटका. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, माठातलं गार पाणी ठेवा, दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या.

सकाळी धडधाकट सोडलेल्या कोंबड्या तासाभरात एकदम पडल्या आणि पोटाची थैली दाण्यानं गच्च भरलेली असली, तर बियाण्याला लावलेलं किंवा शेतात फवारलेलं औषध पोटात गेल्याची शक्यता मोठी. अशा वेळी शेजाऱ्यानं मुद्दाम विष घातलं म्हणून भांडणं होतात. पेरणीचे दिवस आहेत का, हे आधी बघा.

एकदम ढिगानं मेल्या तर हात लावू नका

एक-दोन दिवसांत बहुतेक कोंबड्या गेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, आसपास कावळेही मरून पडलेत, तर बर्ड फ्लूची शंका धरायलाच हवी. मानमोडी आणि हा रोग नुसत्या नजरेनं वेगळे सांगता येत नाहीत, ते प्रयोगशाळाच सांगते. देशातली पहिली साथ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात, आणि मार्च २०२५ मध्ये सोलापूर शहरात मरून पडलेल्या कावळ्यांत तो निघाला. म्हणजे दूरची गोष्ट नाही.

शंका आली तर कोंबडी कापून बघू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, नाका-तोंडाला फडकं बांधा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील, या भीतीनं लोक गप्प बसतात. पण हिशोब उलटा आहे. सरकारी भरपाई मिळते ती पथकानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. जितका उशीर कराल तितकी भरपाई कमी. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यातून हा रोग लागत नाही, त्यामुळे खाण्याबद्दल घाबरायचं कारण नाही. मात्र आजारी किंवा मेलेली कोंबडी कापायची नाही.

एक सवय मात्र सोडावीच लागेल. दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या पटकन आठवडी बाजारात नेऊन मिळेल त्या भावात विकायच्या. विकणाऱ्याचे दोन पैसे वाचतात, पण रोग एका दिवसात दहा गावांत जातो. आणि पुढच्या महिन्यात आपण त्याच बाजारातून नवी तलंग घरी आणतो. बाजारातून आणलेली कोंबडी किमान १५ दिवस वेगळ्या डालग्यात ठेवा. तिला दाणा-पाणी शेवटी द्या, मग हातपाय धुवा.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नका. कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा घ्या, वर चुना टाका, माती दाबा. तपासणीला न्यायची असेल तर नुकतीच मेलेली कोंबडी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. शिळ्या, फुगलेल्या कोंबडीतून डॉक्टरांनाही काही कळत नाही. साथ संपल्यावर जुना भुसा जाळा, खुराड्याच्या फटींसकट चुन्यानं रंगवा, उन्हात तापू द्या. महिनाभर ते रिकामंच ठेवा. नवी पिल्लं आणताना पहिली लस झालीय का, ते विचारूनच पैसे द्या.