दुवा (लेखनातील वापर)

संगणकावरील मजकुरातल्या शब्दाला दुसऱ्या मजकुराचा पत्ता जोडला की त्या शब्दाचा दुवा होतो. अशा जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव टेड नेल्सन यांनी दिले. ते १९६५ मध्ये छापून आले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडलेल्या प्रस्तावातून वेब उभे राहिले आणि दुवा सर्वांच्या हाती आला. मराठी वाचकाला ही सोय आधीपासून परिचयाची होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली ‘पहा’ असते आणि मजकुरात काही नावांआधी बाण असतो. त्या बाणाचा वाचकाशी सरळ करार आहे : या विषयावर स्वतंत्र नोंद आहे. मराठी विकिपीडियावरच्या (प्रारंभ १ मे २००३) निळ्या शब्दाकडूनही वाचक तीच अपेक्षा ठेवतो.

कोणता शब्द जोडावा, यात लेखकाची खरी परीक्षा असते. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यावर लिहिताना ‘वर्धा नदीकाठचे मोवाड ३० जुलै १९९१ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले’ असे वाक्य आले, तर ‘नदी’ आणि ‘जुलै’ निळे करून वाचकाला काही मिळत नाही. त्याला मोवाड कुठे आहे आणि त्या दिवशी काय घडले, हे हवे असते. दुवे तेवढ्या दोनच ठिकाणी द्यावेत. सगळेच शब्द रंगवले की महत्त्वाचा शब्द गर्दीत हरवतो आणि वाचक एकाही दुव्याकडे वळत नाही.

त्याच वाक्यातील ‘वर्धा’ फसवा आहे. या नावाची नदी आहे, शहर आहे आणि जिल्हाही आहे. नुसता ‘वर्धा’ जोडला तर मोवाडचा वाचक सेवाग्रामच्या जिल्ह्यात पोहोचू शकतो. ‘नरखेड’चेही तसेच, सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात याच नावाचे गाव आहे. दुवा कुठे उघडतो हे स्वतः दाबून पाहिल्याशिवाय मजकूर पुढे धाडू नये.

मराठीत विभक्तीचा प्रश्न वेगळाच आहे. नोंदीचे शीर्षक ‘संत्रे’ असते, पण वाक्यात ‘संत्र्याच्या बागा’ येतात. विकिपीडियावर [[नरखेड]]ला असे लिहिले तर प्रत्ययही दुव्यात सामावतो. सामान्यरूपात शब्द बदलला की मात्र उभी रेघ वापरावी लागते : [[संत्रे|संत्र्याच्या]]. रेघेच्या डावीकडे शीर्षक, उजवीकडे वाचकाला दिसणारे रूप. हा कंटाळा टाळण्यासाठी काही जण ‘संत्रे या फळाच्या बागा’ असे लिहितात. दुव्याच्या सोयीसाठी वाक्य मोडण्याची ही सवय वाईट आहे; आधी मराठी वाक्य नीट लिहावे, दुवा मागाहून बसवावा.

‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ यातील ‘येथे’ दुवा म्हणून निरुपयोगी ठरतो. दृष्टिहीन वाचक पडदावाचक प्रणालीने पानावरचे दुवे एकापाठोपाठ एक ऐकतो. त्याच्या कानावर ‘येथे, येथे, येथे’ एवढेच पडते. त्याऐवजी ‘मोवाडचा १९९१ चा महापूर’ हे शब्दच जोडले तर डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही दाबण्याआधी कळते की पुढे काय आहे. मात्र दुवा न उघडताही वाक्याचा अर्थ पुरा लागला पाहिजे. नरखेड जंक्शनवर लिहिताना ते नागपूर–इटारसी लोहमार्गावर आहे, हे तिथेच सांगावे. तेवढ्यासाठी वाचकाला दुसऱ्या पानावर पाठवू नये.

दुव्यांची देखभालही लेखनाचाच भाग आहे. पाने हलतात, पत्ते बदलतात, कधी जिल्ह्यांच्या सीमाही बदलतात. नरखेडच्या उत्तरेचे, मध्य प्रदेशातील पांढुर्णा २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी तो स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीच्या लेखांमध्ये नरखेड तालुक्याच्या सीमेपाशी दिलेला ‘छिंदवाडा जिल्हा’ हा दुवा आजही उघडतो आणि त्यामुळेच त्यातली चूक सहज लक्षात येत नाही. तुटलेल्या दुव्यांची यादी यंत्र काढून देते; असे चालू पण जुने झालेले दुवे तो परिसर माहीत असलेल्या माणसालाच शोधावे लागतात.