सुट्टीतली शिबिरं आणि पऱ्यावरचे बांध

आपली १९८५ची दहावीची तुकडी. पुढे रत्नागिरीतल्याच कॉलेजांत गेलेल्यांपैकी कितीतरी जण डिसेंबरच्या सुट्टीत एनएसएसच्या शिबिराला जाऊन आले. स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले, तर शाळेच्या गॅदरिंगपेक्षा या शिबिरांचेच जास्त आले. हातात घमेली, डोक्याला रुमाल, मागे पऱ्या आणि त्यावर अर्धा झालेला बांध. एकाही फोटोमागे गाव किंवा साल लिहिलेलं नाही. आपल्याला इतिहास शिकवणाऱ्या सरांना हे चालणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे हा प्रकार आला कुठून आणि आपल्याकडे त्याचं काय झालं, एवढं तरी नीट मांडायचं ठरवलं.

एनएसएस म्हणजे दिल्लीहून आलेलं परिपत्रक, अशी आपली समजूत. ती अगदीच खोटी नाही, पण त्या कागदामागे एक कोकणी माणूसही आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी, असं सुचवलं होतं. पुढे १९५९मध्ये यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. रायगडच्या पायथ्याशी, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री. त्यांच्या समितीचं म्हणणं सरळ होतं: शाळा संपली की कॉलेजात जाण्याआधी प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. हे मान्य झालं असतं, तर मार्कशीट हातात पडल्यावर आपण सगळेच वर्षभर कुदळ घेऊन कुठेतरी असतो. आपल्या वर्गातले काही चेहरे डोळ्यांपुढे आणले की देशमुखांचा बेत खर्चामुळेच नव्हे, इतर कारणांनीही अवघड होता असं वाटतं. पुढच्याच वर्षी के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतला अनुभव अभ्यासून सेवा ऐच्छिक असावी असा अहवाल दिला. मग कोठारी आयोग, कुलगुरूंच्या परिषदा, आणि शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. छातीवरच्या बिल्ल्यातलं ते चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं.

महाराष्ट्रात मात्र सुट्टीत श्रमाला जाण्याची दुसरी एक वाट त्याआधीच पडली होती. १९६७मध्ये बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात भरते. आता मे महिन्यात रत्नागिरीच्या पोराला घरातून सोडणार कोण? आंबा उतरायचा, आढी लावायची, पेट्या भरायच्या, त्यात मुंबईची पाहुणे मंडळी घरभर. सोमनाथला जायला मिळालेले आपल्याकडचे तरुण म्हणून विरळाच.

आपल्याला सोयीची सुट्टी डिसेंबरची. आणि गंमत अशी की कोकणातल्या पाण्यालाही नेमकी तीच सोयीची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन उतार उतरतात. सह्याद्री ते समुद्र हे अंतर कमी, उतार तीव्र, वर सच्छिद्र जांभा. आलेलं पाणी थांबायला तयार नाही. पावसानंतर पऱ्या वाहत राहतो, नाताळाच्या सुमारास त्याचा आवाज बारीक होतो. तेव्हा अडवला तर अडवला. आधी बांध घातला तर पाण्याचा जोर त्याला टिकू देत नाही, उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

हे गावाला कोणी शिकवलेलं नव्हतं. वायंगणी भात पिकवणारी गावं पिढ्यान्पिढ्या दगड, माती, पाला घालून असे बांध घालत आली. सगळी वाडी एका दिवशी उतरायची आणि संध्याकाळपर्यंत बांध उभा राहायचा. मग गिरण्या आल्या, मुंबई आली. घरटी एक-दोन माणसं चाकरमानी झाली आणि ती यायची ती गणपतीला, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात, डिसेंबरात नाही. बांध कसा घालायचा हे माहीत असलेली म्हातारी माणसं गावात राहिली, दगड उचलणारे हात गेले. १९७३मध्ये एनएसएसने शिबिरांसाठी ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय घेतला तो घाटावरचा दुष्काळ समोर ठेवून. आपल्याकडे दुष्काळ पावसाचा नव्हता, हातांचा होता. कॉलेजच्या पोरांनी नकळत भरून काढली ती चाकरमान्यांची जागा, असं माझं मत आहे.

माझं पहिलं शिबिर १९८८चं, संगमेश्वर तालुक्यातलं. तेव्हा शिबिर दहा दिवसांचं असे; पुढे ते सातांवर आलं. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे डोक्यावर वळकटी. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुली एका खोलीत, मुलं ओटीवर. पहाटे प्रार्थना, मग दुपारपर्यंत श्रमदान, दुपारनंतर व्याख्यान, त्यात निम्मे झोपलेले. पहिल्याच सकाळी एक आजोबा काठी टेकत आले आणि खालच्या वळणाकडे दाखवून म्हणाले, “हितं घाला. वर कातळ फुटका हाय, पानी ऱ्हायाचा नाय.” मग दहा दिवस ते एका दगडावर बसून सांगत होते आणि आम्ही करत होतो. पाया रुंद, वर निमुळता. मोठे दगड खाली, फटींत पाला आणि चिखल, वरच्या अंगाला चिकणमाती ठोकून बसवलेली, आणि एका कडेला सांडवा ठेवलेला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडं शिवून, विटांसारख्या सांधेमोड करत रचायचा वनराई बंधारा आमच्याकडे नंतर आला. तो पटकन होतो. पण त्याला दगडावर बसलेले आजोबा फारसे लागत नाहीत, हे मला त्याचं वैगुण्य वाटतं.

जेवणाला रोज वेगळी वाडी. कुणबीवाडी झाली, बौद्धवाडी झाली. एके रात्री गावातल्या एकाने हळूच विचारलं, “तिकडं पन जेवलात?” आमच्या प्राध्यापकांनी “हो, वडे छान होते” एवढंच उत्तर दिलं. पाणी कोणत्या वाडीच्या विहिरीला लागणार, यावर शेवटच्या दिवशी थोडी बोलाचालीही झाली. शिबिराच्या अहवालात यातलं काही येत नाही. तिथे असतात तास: वर्षाला १२० आणि दोन वर्षांचे २४०.

संकटातली धाव ही वेगळी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रभरातून विद्यार्थी गेले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, तेव्हा कोरोनामुळे कॉलेजं बंदच होती. जिल्ह्यातली तरुण मुलं खोरी-फावडी घेऊन गेली आणि दुकानादुकानांतला चिखल उपसला. त्या कामाला परिपत्रक लागत नाही. दगड रचायला मात्र दर वर्षी, कोणी बोलावलेलं नसताना, पुन्हा जावं लागतं. पहिल्या पावसात बांध वाहून जातोच, तो तसाच केलेला असतो. म्हणून एकच गाव दत्तक घेऊन तिथेच जात राहणारी शिबिरं मला नेहमी मोलाची वाटली. दर वर्षी नवं गाव, नवा बॅनर, नवे फोटो यात गावाच्या हाती फार लागत नाही.

आमचं दुसरं शिबिर दुसऱ्या तालुक्यात झालं. पहिल्या गावी मी पुन्हा गेलो तो १९९१च्या जानेवारीत, एका लग्नाच्या निमित्ताने. पऱ्यावर त्याच वळणावर बांध होता. आम्ही घातला होता त्यापेक्षा हातभर बुटका. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. त्यांच्या सुनेने सांगितलं की चार म्हातारे आणि नाताळाच्या सुट्टीतली शाळेची पोरं मिळून दोन रविवारांत तो घातला, आणि पोरांना जागा कुठली ते विचारावं लागलं नाही. वायंगण कोणी केलं नव्हतं. बांधाच्या वरच्या अंगाला भाजीचे वाफे होते, दोन वाड्यांचे, शेजारी शेजारी.