कमावलेलं कातडं

कोल्हापुरात 'कमावणे' हे क्रियापद तीन ठिकाणी ऐकू येते. बाजारात पैसा कमावतात, तालमीत शरीर कमावतात आणि कुंडात कातडे कमावतात. या तिसऱ्या कमावण्याला पहिल्या दोन्हींइतका मान कधी मिळाला नाही. पण आज माणसाच्या हृदयात जनावराच्या ऊतींची जी झडप बसवतात, भाजलेल्या अंगावर कोलॅजनचा जो पापुद्रा लावतात, त्यांचे मूळ शोधत गेले की वाट कातड्याच्या कुंडापाशीच येऊन पोचते.

जनावराचे ओले कातडे उन्हाळ्यात बघता बघता वास मारू लागते. म्हणून आधी मीठ लावायचे. मग पाण्यात भिजवायचे आणि काही दिवस चुन्याच्या कुंडात ठेवायचे, म्हणजे केस सुटतात. केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन टाकायचा, आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. चपलेच्या तळाला लागणाऱ्या जाड कातड्याची जुनी रीत तर बघत राहावी अशी. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचा काढा भरायचा आणि ती टांगून ठेवायची. काढा आतून कातड्यात झिरपतो, बाहेर थेंब थेंब गळतो. गळलेला गोळा करून पुन्हा वरून ओतायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, कारण शिवणीकडचा भाग कच्चा राहिलेला असतो. कमावले गेले की नाही हे कळायला कडेचा एक तुकडा कापून बघायचा. कापात मधोमध फिकट रेघ दिसली तर काढा अजून गाभ्यापर्यंत गेलेला नाही. रेघ जाईपर्यंत थांबायचे.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केले, आणि त्या कातड्याची चप्पल चर्मकारांनी शिवली. गावाने चप्पल पायात घातली आणि ती करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले.

पिशवीच्या आत काय घडत होते? कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याच प्रथिनाचा. कातडी, हाड, स्नायूबंध, रक्तवाहिनी, हृदयाची झडप, सगळे यानेच विणलेले. जनावर मेले की जिवाणूंची विकरे हे धागे तोडू लागतात. पाण्यात उकळले तर धागे उलगडून त्यांचा सरस होतो. साल-हिरड्यातले टॅनिन धाग्याधाग्यांमध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांशी बांधून टाकते. बांधलेल्या धाग्याला विकराची कात्री सहजी लागत नाही. कच्चे कातडे गरम पाण्यात साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते, साल-हिरड्याने कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. प्रयोगशाळेत या बांधणीला क्रॉसलिंकिंग म्हणतात. ते नाव येण्याच्या किती तरी आधी हे काम हातांना येत होते.

या धाग्याची घडण उलगडली तीही आपल्याच देशात, आणि तीही कातड्याच्या शेजाराने. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले, तेव्हा त्यांनी तिथले भौतिकशास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन यांना सांगितले की कोलॅजनच्या रचनेचे कोडे अजून सुटलेले नाही. रामचंद्रन यांच्या विभागाशेजारीच १९४८ साली उभी राहिलेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीच्या स्नायूबंधाचे अगदी शुद्ध कोलॅजन मिळाले. त्यावर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये तीन पेडांची रचना मांडली. तीन पेडांची वेणीच ती. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर कातड्याची वेणी घालतात. त्या वेणीच्या आतही अशा असंख्य वेण्या आहेत, हे कळल्यापासून मला ती चप्पल पूर्वीसारखी दिसत नाही.

आता कुंडातून थेट हृदयाच्या झडपेकडे, म्हणजे पॅरिसला. १९६५ मध्ये तिथल्या शल्यविशारदांनी डुकराच्या हृदयाची झडप माणसाला बसवली. त्यांच्यात तरुण आलँ कार्पांतिए होते. झडप बसली, चालली, पण टिकेना. शरीर परक्या ऊती कुरतडत होते आणि काही वर्षांत झडप निकामी होत होती. कार्पांतिए यांनी सर्जरी सांभाळून रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि ग्लुटाराल्डिहाइड हे द्रव्य निवडले. हे द्रव्य चामड्याच्या धंद्याला आधीच माहीत होते. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने कातडे कमावून झाले होते. १९६८ पासून त्यात मुरवलेल्या झडपा टिकू लागल्या. कार्पांतिए यांनी त्यांना बायोप्रोस्थेसिस हे नाव दिले आणि २००७ मध्ये या कामासाठी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे गायी-बैलांच्या हृदयावरणाचा पापुद्रा अशाच रीतीने कमावून त्याच्या झडपा होऊ लागल्या. २००२ मध्ये रुआंच्या आलँ क्रिबिए यांनी तशी झडप छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून बसवली.

यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ऊतींची झडप बहुधा द्रावात बुडवून बरणीत येते. बसवण्याआधी ऑपरेशन थिएटरमध्ये ती सलाइनच्या स्वच्छ पाण्यात पुनःपुन्हा खळबळून धुतात, कारण ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे. धुण्याची पायरी तिथेही चुकलेली नाही.

त्वचेचेही तेच. आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांनी १९८१ मध्ये बॉस्टनला भाजलेल्या रुग्णांवर जी कृत्रिम त्वचा वापरली, ती बैलाच्या कोलॅजनची आणि शार्कच्या कूर्चेतल्या द्रव्याची. आणि तीही ग्लुटाराल्डिहाइडने बांधलेली.

त्वचेचा विषय निघाला की आपल्या सीमाभागात हरळय्याची कथा आठवतेच. बाराव्या शतकातल्या कल्याणात हरळय्या या चर्मकाराने बसवण्णांना 'शरणु' म्हटले, आणि बसवण्णांनी दोनदा वंदन करून उत्तर दिले. त्या एका जादा वंदनाचे ऋण फेडायला हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे केली. ही आख्यायिका आहे. पण भाजलेल्या रुग्णावर रोपण करायला सर्जन आजही बहुधा मांडीचीच त्वचा काढतात. कुठली कातडी काढली तर भरून येते, हे कातड्यात हात घालणाऱ्याला ठाऊक असणार, असे मला मनापासून वाटते.

ग्लुटाराल्डिहाइडचे दोष मात्र हळूहळू उघड झाले. अशा झडपांवर कॅल्शियमचे क्षार साचतात, मुलांमध्ये तर फार लवकर. शिवाय हे द्रव्य कोलॅजन बांधते, पण ज्याच्यामुळे झडप आणि रक्तवाहिनी लवचीक राहते ते इलॅस्टिन बांधत नाही. इथे एक मराठी मुलुखाशी जोडलेले नाव येते. नरेन व्यवहारे यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत माशेलकर आणि एम. जी. कुलकर्णी यांच्याबरोबर, औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या जेलवर काम केले. पुढे अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात त्यांच्या गटाने इलॅस्टिन बांधण्यासाठी जे द्रव्य वापरले, ते टॅनिक आम्ल. २००४ आणि २००५ च्या त्यांच्या निबंधांनी दाखवले की टॅनिक आम्लाने इलॅस्टिन विकरांपुढे टिकते आणि ऊतींवर कॅल्शियम साचणेही कमी होते. २००७ मध्ये टॅनिक आम्लाचाच गाभा असलेले द्रव्य त्यांनी उंदरांच्या फुगलेल्या महाधमनीवर वापरून पाहिले. पुढे हे काम माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले. त्यांचे टॅनिन हिरड्यातून काढलेले नव्हते, पण हिरड्यातल्या टॅनिनच्याच कुळातले होते. म्हणजे दीर्घ प्रवास करून विज्ञान पुन्हा त्या टांगलेल्या पिशवीपाशी आले.

कोल्हापूरही या शास्त्राला परके नाही. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने लोहाच्या ऑक्साइडच्या चुंबकी सूक्ष्मकणांवर कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचांतून मिळणाऱ्या कायटोसानचा लेप दिला. चुंबकी क्षेत्रात असे कण तापतात, आणि त्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी मारता येतील का, यावरचे त्यांचे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपरी वस्तू शरीराने सोसावी म्हणून तिला तयार करायची, हाच प्रश्न इथेही.

पण ज्या शहरात असे संशोधन चालते, तिथेच कातडे कमावणारी कुंडे ओस पडत आहेत. चपलेला लागणारे बरेच कातडे आता बाहेरून येते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, आणि ओरड झाल्यावर मूळ कोल्हापूरकडचे असल्याचे मान्य केले. चपलेचे श्रेय निदान मागितले तरी गेले. कमावण्याच्या विद्येचे श्रेय मागायला कुणी उभे राहिलेले नाही.

साल किती, हिरडा किती, पिशवी कुठल्या ऋतूत किती दिवस टांगायची, उलटी कधी करायची, हे जाणणारी म्हातारी माणसे अजून आहेत. १९०२ मध्ये ज्या कोल्हापूर संस्थानाने मागासांसाठी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या, त्याच्या राजधानीतल्या विद्यापीठांनी या माणसांच्या दारी जावे, त्यांचे प्रमाण त्यांच्या नावासकट लिहून घ्यावे आणि तो काढा प्रयोगशाळेत कोलॅजनच्या पापुद्र्यावर वापरून पाहावा. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.