संशोधनाचा आराखडा: मेरी क्युरी यांचे उदाहरण

पीएच.डी.चा विषय जितका मोठा तितका प्रबंध भक्कम, असे तुम्हाला वाटते का? इतिहास वेगळे सांगतो.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि अनेक संशोधक त्यांच्याच मागे लागले. १८९६ मध्ये हेन्री बेक्रेल यांना युरेनियमचे किरण आढळले, पण त्यांकडे फार थोडे जण वळले. १८९७ च्या अखेरीस पॅरिसमध्ये मेरी क्युरी यांनी प्रबंधासाठी तोच विषय घेतला. प्रश्न लहान होता: या किरणांमुळे हवेतून किती विद्युतप्रवाह वाहतो, आणि इतर मूलद्रव्येही असे किरण देतात का? मोजण्याचे साधन घरचेच होते. पती पिएर आणि थोरले दीर झाक यांनी ते तयार केले होते.

मोजता मोजता पिचब्लेंड हे खनिज युरेनियमपेक्षाही अधिक सक्रिय निघाले. असे का, हे शोधताना १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले. प्रबंध १९०३ मध्ये सादर झाला.

म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यात रेडियम नव्हतेच. होता तो मोजता येणारा प्रश्न आणि हाताशी असलेले साधन. पुढे कधी मार्गदर्शकांकडे विषय घेऊन जाल, तेव्हा आधी एका कागदावर लिहा: मी नेमके काय मोजणार, आणि कशाने?